नव्वद दिवसांचं कुलूप

वेबसाइट उघडली की वरच्या पट्टीत, पत्त्याच्या आधी, एक बारकं कुलूप दिसतं ना, ते बसवायला मला फार तर अर्धा तास लागतो. नंतर ते दर तीन महिन्यांनी नवं करायला दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांच्या कामासाठी मी दीड वर्ष शहापूरहून मुरबाडला एसटीनं जात राहिले आणि दर वेळी अख्खा दिवस घालवला. ते का, हे आज सांगून टाकते. स्वतःला सांभाळून घेत सांगायचं वय आता राहिलेलं नाही.

मी लोकांचे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे काही अगम्य चीज नाही, ज्या कॉम्प्युटरवर वेबसाइट राहते तो कॉम्प्युटर. आधी मुंबईत एका कंपनीत होते. आई आजारी पडली म्हणून शहापूरला आले. आई गेली, मग परत जायचं कारण उरलं नाही, आणि खरं म्हणजे राहायचंही. स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एक टेबल, दोन स्क्रीन. गिऱ्हाइकं सगळी लांबची, त्यांनी माझं तोंड पाहिलेलं नाही आणि मी त्यांचं. एकदा दुपारी तीनला कुरिअरवाल्यानं दार वाजवलं. 'आले' म्हणायला गेले तर घशातून नुसती घरघर. सकाळपासून माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता. शेजारीण चांगली आहे, पण तिच्या लेखी मी 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम', म्हणजे त्यांना उगाच त्रास द्यायचा नाही. अहो, द्या की त्रास! पण सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं असं दार उघडून ओरडायचं का?

मुरबाडचं दार उघडलं ते माझ्या भांडकुदळपणामुळे. मावसबहिणीचा फोन आला, तिच्या मुलीसाठी आमच्या बौद्ध समाजाच्या वधू-वर मंडळाचा फॉर्म वेबसाइटवर भरायचा होता. मी साइट उघडली आणि कपाळाला हात लावला. मुलीचं नाव, जन्मतारीख, पगार, मोबाइल, घरचा पत्ता, दोन फोटो, सगळं भरून घेत होते आणि सगळं उघड्यावर. कुलूप नाही म्हणजे फोनपासून सर्व्हरपर्यंत ती माहिती पोस्टकार्डासारखी जाते. मधल्या वाटेवर बसलेला कुणीही वाचू शकतो. साइटवर अध्यक्षांचा नंबर होता, तो लावला आणि झाडायला सुरुवात केली. तुमच्या घरच्या मुलीचा फोटो असा चव्हाट्यावर ठेवाल का, वगैरे वगैरे.

पलीकडे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. त्यांनी मला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाले, "ताई, तुमचं बरोबरच असंल. पण आमाला त्यातलं काय कळत नाय. तुमी येऊन करून द्याल का?"

पासवर्ड घेऊन मला घरबसल्या करता आलं असतं. पण 'तुमी याल का' असं मला कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "येते."

किन्हवली, सरळगाव करत एसटी मुरबाडला पोचली. सर्व्हर म्हणजे गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. त्यांच्या पुतण्यानं तो जमवून दिला होता आणि मग नोकरीसाठी पुण्याला निघून गेला होता. त्यावर विणलेला पांढरा रुमाल घातलेला, आणि आत पंखा धापा टाकतोय. मी रुमाल ओढून काढला.

"धूळ बसते ना गो," आतून गुरुजींची बायको आली. ह्या काकू.

"धूळ बसू दे काकू, पण त्याला वारा लागू दे."

काकूंनी रुमाल झटकला आणि घडी घालून माझ्याच हातात दिला. मला त्या क्षणीच त्या आवडल्या.

काम झालं. मंडळाचे सचिव उभं राहून बघत होते. टापटीप माणूस, खिशाला दोन पेनं. त्यांना समजावलं की ह्यात दोन फायली असतात. एक सर्टिफिकेट. ही साइट खरंच तुमचीच आहे असं ते सगळ्या जगाला सांगतं, ते कुणीही बघावं. दुसरी फाइल गुप्त किल्ली. ती ह्या मशीनबाहेर जाऊ द्यायची नाही, कारण ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावानं खोटी साइट उभी करू शकेल. मशीन बंद पडलं तर असावी म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर घालून दिली आणि कपाटात ठेवायला सांगितली. "अगदी जपून ठेवतो," सचिव म्हणाले.

मी स्टँडवर पोचते न पोचते तोच मावसबहिणीनं मला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज पाठवला. खाली ती फाइल, वर लिहिलेलं: 'मंडळाच्या वेबसाइटची महत्त्वाची किल्ली. सर्व सभासदांनी सेव्ह करून ठेवावी.' आणि हात जोडलेले.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उलटी फिरले. सचिव गुरुजींच्या ओटीवरच होते. "अहो, काय केलंत हे! गुप्त म्हटलं ना मी?"

ते बिचारे खरोखर गोंधळले. "मॅडम, जपूनच ठेवली. आमच्या मंडळाची पद्धतच हाय. कागद एकाकडं राह्यला की उद्या लोक म्हणतात, दाबून ठेवला. सगळ्यांकडं असला म्हणजे भांडण नाय, आणि हरवत पण नाय."

ज्या समाजाचे कागद वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्याच कपाटात राहिले, त्यानं कागद सगळ्यांच्या हातात असावा असं म्हटलं तर त्याला मी कोणत्या तोंडानं चूक म्हणू? पण शेकडो फोनांत जाऊन बसलेली गुप्त किल्ली काय कामाची! मी जुनं सर्टिफिकेट रद्द केलं, नवी किल्ली केली, नवं सर्टिफिकेट आणलं आणि ह्या वेळी प्रत कुणाला दिली नाही. ह्यात दोन वाजले. काकू दारात उभ्या राहिल्या, "आता जेवल्याशिवाय जायचं नाय."

तांदळाची भाकरी, वालाची भाजी, सुकटीची चटणी. मी पुरे म्हणत होते आणि काकू वाढत होत्या. "हाताची हाडं बघ कशी दिसतात. कॉम्प्युटर खातेस का काय?" मी हसले. आई गेल्यापासून न विचारता माझ्या ताटात कुणी काही वाढलं नव्हतं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मी बराच वेळ पाणी प्यायले, डोळे दिसू नयेत म्हणून.

आता खरी गोष्ट. हे सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण नव्वद दिवसांचंच असतं. ते आपोआप नवं होत राहावं म्हणून सर्व्हरवर एक ओळ लिहून ठेवायची असते. एकच ओळ. कुठलाही जाणकार ती आधी लिहितो. जेवून मी पुन्हा मशीनपुढे बसले, ती ओळ लिहायला, आणि हात थांबले.

"दर तीन महिन्यांनी नवं करावं लागेल," मी गुरुजींना म्हटलं. "मी येत जाईन."

"एवढ्या लांबून?"

"ते इथूनच करावं लागतं."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. फार सोपं गेलं.

मग सुरू झालं. तारखेच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन यायचा. "उद्या तुझ्या कुलपाची तारीख ना गो? बोंबील आणू का कोलंबी?" मी सकाळची एसटी धरायची. दोन मिनिटांचं काम दोन तास करायची. स्क्रीनवर उगाच काळ्या खिडक्या उघडायच्या, मान हलवायची, गुरुजींनी "अवघड दिसतंय आज" म्हणायचं. मग जेवण. मग काकूंबरोबर मागच्या पडवीत लसूण सोलत बसायचं. त्या चिडवायच्या, "तुझा पण फॉर्म भरून टाकू का? फोटो काय, आत्ताच काढते." मी म्हणायचे, "भरा, पण अपेक्षा ह्या रकान्यात लिहा, नवऱ्यानं बोलायचं नाही." काकू लसणाची पाकळी मारायच्या. संध्याकाळी शहापूरला उतरले की कुलूप उघडताना हातांना लसणाचा वास यायचा आणि मी त्या दिवशी मुद्दाम साबण लावायचे नाही. वर्षातून चार दिवस. बाकीचे दिवस त्या चारांची वाट बघण्यात काढले, असं म्हणायला मला आता लाज वाटत नाही.

अशाच एका खेपेला गुरुजींनी विहाराच्या हॉलमध्ये मुलींना जमवलं आणि मला बोलायला उभं केलं. मी तावातावानं बोलले. म्हटलं, साइट उघडताना लाल पाटी आली, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं आलं, तर पान बंद करायचं. नाव नाही, नंबर नाही, फोटो तर नाहीच नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी सगळं वहीत उतरवून घेत होती. धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूचं गाव तिचं. धसईत औषधाच्या दुकानात कामाला. तिनं हात वर केला. "आणि मंडळच म्हणालं, काय होत नाय, पुढं जा, तर?"

"मंडळ म्हणू दे, नाहीतर मी म्हणू दे. लाल पाटी म्हणजे बंद."

तेही तिनं लिहून घेतलं. नंतर चहा पिताना सांगत होती, यंदा लग्न उरकायचंच, असं घरात बोलणं झालंय. मंडळाच्या मेळाव्यात जमलं तर जमलं, नाहीतर मामानं आणलेलं स्थळ. मामाचं स्थळ तिला नको होतं. एवढंच म्हणाली, आणि मी जास्त विचारलं नाही.

पुढची तारीख थंडीत आली. मी तापानं अंथरुणाला खिळले होते. तारीख डोक्यात पक्की होती. लॅपटॉप उशाशीच होता, पडल्या पडल्या दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मी वाट बघत होते, काकूंच्या फोनची. फोन आला की सांगणार होते, काकू, ताप आहे हो, उठवत नाही. मग त्या काय म्हणतील तेही मी मनात ऐकून ठेवलं होतं. फोन आला नाही. तारीख गेली. मला हट्ट चढला. पुऱ्या तापात मी स्वतःशी म्हणत होते, बघू या, ही बाई मेली की जगली हे कुणाला कधी आठवतंय ते. कुलूप संपलं तर संपू दे, मग तरी आठवेल! बाईचं वय सेहेचाळीस आणि अक्कल सहाची.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा फोन बघितला. मंडळाच्या ग्रुपवर एव्हाना मलाही घेतलं होतं, त्यावर सचिवांचा मेसेज होता: 'वेबसाइटवर लाल पाटी आल्यास घाबरू नये. खालील बटण दाबून पुढे जावे. मेळाव्याचे फॉर्म भरण्याची आज शेवटची तारीख.' मेसेज आदल्या दिवसाचा. त्याच्याखाली, गुरुजी आणि काकू नाशिकला गेल्याचा निरोप. काकूंचा भाऊ वारला होता.

मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला आणि कुलूप नवं केलं. दोन मिनिटंच लागली.

मेळाव्याला गेले. हॉल भरलेला. त्रिशरण-पंचशील झालं आणि नंबर पुकारायला सुरुवात झाली. ज्यानं फॉर्म भरला त्याचं नाव परिचय पुस्तिकेत छापलेलं, छातीला नंबराचा बिल्ला, त्या नंबरानं स्टेजवर जाऊन स्वतःची ओळख करून द्यायची. सगळे पुढे गेले होते, लाल पाटी ओलांडून. कुणाचं काही बिघडलंही नव्हतं. शेवटच्या रांगेत ती धसईची मुलगी बसली होती. नवा ड्रेस, केसांत गजरा, आणि छातीला बिल्ला नाही.

मी तिच्याजवळ गेले. "फॉर्म भरला नाहीस?"

"शेवटच्या तारखेपर्यंत उघडून बघत होते ताई. लाल पाटीच येत होती. सचिवांनी सांगितलं पुढं जा म्हणून, पण तुमी म्हणाल्या होत्या ना, कोणी पण सांगू दे." ती तक्रार करत नव्हती. तिनं धडा बरोबर पाठ केला होता आणि ते मला दाखवत होती.

एवढ्या लोकांतून माझं ऐकलेली ती एकटी. मी सचिवांकडे धावले, गुरुजींकडे गेले. शेवटी हातानं नाव लिहून तिला स्टेजवर बोलवू, असं गुरुजी म्हणाले. पण तोपर्यंत पुस्तिका बघून बैठका जुळायला लागल्या होत्या आणि तिच्या गावाकडची गाडी सुटायची वेळ झाली होती. "राहू दे ताई," ती म्हणाली, "टाइम झाला." उन्हाळ्यात तिचं लग्न झालं असं ऐकलं. मामानं आणलेल्या स्थळाशीच. माणूस चांगला असेलही, मला माहीत नाही.

मेळाव्याच्याच संध्याकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले आणि सगळं ओकून टाकलं. कुलूप आपोआप नवं होतं, मी ते होऊ दिलं नाही. घरून करता येतं, मी खोटं बोलले. ह्या वेळी मी मुद्दाम तारीख जाऊ दिली. त्या मुलीचं वाटोळं मी केलं, कारण मला इथे जेवायला यायचं होतं.

काकू भावाच्या दुःखातून अजून उठल्या नव्हत्या, चेहरा ओढलेला. हातातली पळी खाली ठेवून म्हणाल्या, "आमाला माहीत हाय गो."

"काय माहीत आहे?"

"पुतण्या दिवाळीत आलेला. म्हणला, काका, हे आपोआप होतं, मी करून देतो. हे म्हणले, राहू दे. ती बाई येते, चार घास जेवते, तुझी काकी बोलते तिच्याशी. नको हात लावू."

शरमेनं कान तापले, आणि मला शरम वाटली की राग येतो. "म्हणजे इतके दिवस माझी कीव करत होतात?"

"कीव कसली? ह्या घरात पण दोनच ताटं असतात गो."

ते वाक्य मला ऐकू आलं. पण मी ऐकलं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन मशीनपुढे बसले आणि काकूंच्या डोळ्यांदेखत ती ओळ लिहिली. "झालं. आता मला यायची गरज नाही." गुरुजी काहीतरी बोलायला उठले, तोवर मी चपला घातल्या होत्या. त्या दिवशी त्या घरातून मी पहिल्यांदा न जेवता निघाले.

त्या ओळीनं तिचं काम चोख केलं. मुदत संपायच्या महिनाभर आधीच नवं सर्टिफिकेट आपलं आपण बसलं. कुणाला कळलंही नाही. आणि तरीही, जुन्या हिशेबानं जी तारीख आली असती, तिच्या आदल्या दिवशी फोन वाजला.

"उद्या तारीख ना गो?" काकू. "बोंबील मिळालेत चांगले."

मी म्हणाले, "काकू, ते आता आपोआप होतं. महिन्यापूर्वीच झालं."

"हां. झालं काय. बरं झालं."

"हो."

"मग... तब्येत बरी ना?"

"बरी आहे."

"ठेवते मग."

"ठेवा," मी म्हणाले, आणि त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून स्टँडवर गेले. मुरबाडची गाडी लागली. माणसं चढली, खिडकीच्या जागा भरल्या. कंडक्टर मला ओळखायचा. दारातून म्हणाला, "चला मॅडम, बसा. सुटली गाडी."

"मी नाही," मी म्हटलं. "कुणाला तरी सोडायला आलेय."

त्यानं घंटी मारली. गाडी निघाली तेव्हा मी हातसुद्धा हलवला.